वर बघणारा वलंदेज

हाखेन आमच्या काचीगुड्याच्या घरी पहिल्यांदा आला, तेव्हा त्याने मला नमस्कार केला नाही की माझी बायको सुमन हिने पुढे केलेल्या पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि मान मागे टाकून तो छताकडे बघत उभा राहिला. चांगला मिनिटभर. सुमन तांब्या धरून माझ्याकडे बघत होती आणि मी त्याच्याकडे.

"राव," तो म्हणाला, "तुम्हारे घर में पानी टपकता. उस कोने में. तुम छुपा को रखे."

खरं होतं. गणपतीत छताला लावलेली कापडी चांदणी आम्ही तशीच राहू दिली होती, कारण तिच्यामागे ओल होती. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही ठाऊक नव्हती. सुमन तोंडाला पदर लावून हसली.

"दीवारां लोगां मेहमान के वास्ते साफ करते," तांब्या रिकामा करून तो म्हणाला. "छत को कोई नईं पूछता. इसलिए छतइच सच बोलती."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. पुढे ते मी पन्नास वेळा ऐकलं. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. घरात शिरल्या शिरल्या ज्याला आपली ओल दिसते त्याला आणखी काय काय दिसत असेल, या विचाराने दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

माझ्या स्वभावाबद्दल इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. संशय आमच्या रक्तातच आहे. आजोबा सरकारी दफ्तरात, वडील सरकारी दफ्तरात, मीही तिथेच. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं आणि त्यात त्याने काय लपवलंय ते हुडकायचं, यात तीन पिढ्या गेल्या. कुलूप लावल्यावर मी ते दोनदा ओढून बघतो. बेगम बाजारातून आणलेले धणे घरी आल्यावर ताटात पसरतो. सुमन म्हणते, तुम्हाला साखर गोड लागली तरी वाटतं की यात काहीतरी काळंबेरं आहे.

तर असा मी, आणि असा तो.

विलेम हाखेन हॉलंडचा. आमच्याकडची जुनी माणसं डच माणसाला वलंदेज म्हणत, म्हणून दफ्तरात तो वलंदेज झाला. गवंडी-मजुरांना हाखेन म्हणता येईना, त्यांनी त्याचा हकीमसाब करून टाकला. काम एकच, छतं रंगवणं. भिंतीवर त्याने कधी कुंचला टेकवला नाही. कुणी भिंतीवर चित्र काढून मागितलं, तर आपण सोनाराला विळ्याला धार लावायला सांगितल्यावर तो जसं बघेल तसं बघायचा.

तो हैदराबादेत कसा आला हे त्याने प्रत्येकाला वेगळं सांगितलं. आमचे सुपरिंटेंडेंट रेड्डीसाहेब, त्यांना सांगितलं की जावा बेटावर साखर कारखानदारांची छतं रंगवत होतो, तिथून बोटीने आलो. त्याच्या हाताखालचा म्हातारा गवंडी जहांगीरमियाँ, त्याला सांगितलं की मुंबईच्या एका नाटकघराचं छत करायला आलो होतो, ते नाटकघरच बुडालं. मला सांगितलं, "हमारे मुल्क में छत नीची रहती, ठंड के वास्ते. मेरे को ऊँची होना था." तीन तोंडं, तीन कहाण्या. माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच आश्चर्य. आज वाटतं, तिन्ही खऱ्या असतील. एका गावाहून दुसऱ्या गावाला माणूस एकाच कारणाने थोडाच जातो.

आमचं दफ्तर होतं ती मूळची एका नवाबसाहेबांची देवडी, म्हणजे हवेली. दिवाणखान्याचं छत रंगवायला त्यांनीच हाखेनला ठेवून घेतलं होतं. पोलीस ॲक्शननंतर नवाबसाहेब खचले आणि गेले, बेगमसाहेबांनी देवडी सरकारला भाड्याने दिली. करारात त्यांनी एकच अट घातली, की छत पुरं होईपर्यंत कारागिराला हलवायचं नाही. म्हणून आम्ही टेबलं-खुर्च्या घेऊन दाखल झालो तेव्हा दिवाणखान्याच्या मधोमध बांबूची परांची उभी होती आणि तिच्यावर, आमच्या डोक्यापासून पंधरा हात उंच, एक गोरा माणूस डोक्याला मळका रुमाल बांधून काम करत होता. त्याने खाली वाकून "आदाब" म्हटलं आणि पुन्हा वर बघायला लागला.

छत मात्र बघण्यासारखं होतं. मध्ये निळं आभाळ, आभाळाच्या कडेने चारी बाजूंना रंगवलेला कठडा, आणि कठड्यावरून वाकून खाली बघणारी माणसं. जणू गच्चीवर जमून सगळे आपल्याकडे बघताहेत. पऱ्या नाहीत, राजे नाहीत. नवाबसाहेबांचा बावर्ची, अरब दरवान, लाड बाजारची बांगडीवाली, अत्तरवाला. बांगडीवालीच्या हातातली एक बांगडी इतकी पुढे आलेली, की आमचा जावकवाला तिच्याखाली टेबल ठेवायला तयार नव्हता. तीन बाजू भरल्या होत्या. चौथ्या बाजूला काम चालू होतं.

पहिली ठिणगी पडली अंड्यांवरून. हाखेन रंग अंड्यात कालवायचा. रोज सकाळी जहांगीरमियाँ टोपलीभर अंडी घेऊन फाटकातून आत यायचे आणि आमच्यातले सोवळ्याचे लोक नाक मुरडायचे. एक दिवस वरून एक थेंब टपकला तो नेमका आमच्या जोशींच्या डब्यातल्या वरणावर. जोशींनी डबा उचलून रेड्डीसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि अर्ज लिहायला घेतला. हाखेन परांचीवरून उतरला, डब्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "अंडा नईं. नीला रंग है. नीले में अंडा नईं डालता, सरेस डालता." सरेस कशापासून करतात हे जोशींना ठाऊक नव्हतं, ते निवांत झाले. मला ठाऊक होतं, जनावरांची हाडं-कातडी उकळून करतात. मी गप्प बसलो आणि त्या दिवसापासून आपला डबा व्हरांड्यात न्यायला लागलो.

त्याची मान कायमची मागे कललेली होती. कागदावरचं वाचायचं तर कागद कपाळाच्या वर धरायचा. इराण्याकडे चहा पिताना बशी हनुवटीशी टेकवून ओतून घ्यायचा. आपलं काम खालून तपासायचं असलं की मात्र तो मान वर करायचा नाही. तळहाताएवढा गोल आरसा पोटाशी आडवा धरायचा, त्यात बघत बघत टेबलांच्या मधून चालायचा. "ऊपर देख देख को गर्दन गई," म्हणायचा, "अब नीचे देख को ऊपर देखता." मला हे नुसतं सोंग वाटायचं. माणूस टेबलांमधून फिरतो, हातात आरसा, डोळे खाली, आणि टेबलांवर कोणत्या फायली पडल्या होत्या?

तेच तर सांगायचंय. ती राज्य फोडायची वर्षं होती. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे, असं ठरत होतं, आणि आमच्या दफ्तराकडे काम आलं होतं ते दप्तराची वाटणी करायचं. भिंतीला तीन मोठे रॅक उभे केले होते. कोणतं गाव कुठे जाणार, त्याचे कागद कोणत्या रॅकमध्ये, कोणता कारकून कोणत्या राज्यात. वर्षानुवर्षं एका सुराहीतलं पाणी प्यायलेली माणसं एकमेकांकडे तिरप्या डोळ्यांनी बघायला लागली. तेलुगू मंडळींना वाटे, मराठी लोक चांगली दप्तरं आपल्या रॅकमध्ये सरकवताहेत. आम्हाला वाटे, कानडी लोक सरकवताहेत. कुणी कुठे जायचा पर्याय लिहून दिलाय हे कुणी कुणाला सांगेना. आपापला फॉर्म जो तो टेबलाच्या पेटीत कुलूपबंद ठेवायचा. जहांगीरमियाँ एकदा म्हणाले, "रावसाब, ये कैसा बटवारा है, चूल्हा एकइच है और सब अपनी-अपनी राख संभाल रैं."

अशा दिवसांत डोक्यावर एक परदेशी माणूस आणि त्याच्या हातात आरसा!

रेड्डीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. दार लोटलं. "कळंबकर गारू, आप समझदार आदमी हैं. इसका परमिट छे-छे महीने को बढ़ता. ऊपरवाले चालचलन की रिपोर्ट पूछ रैं. आप जरा देखते रहो, और आपइच लिखो." संशयी माणसाला पहाऱ्याचं काम मिळणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मी छाती पुढे काढून बाहेर आलो.

दुसऱ्याच दिवशी काही निमित्त काढून मी परांचीवर चढलो. वरून आमच्या फायली कितपत वाचता येतात ते मला बघायचं होतं. वर गेलो आणि आधी छताकडे बघून दचकलो. जवळून ती माणसं माणसं नव्हतीच. दरवानाची हनुवटी परातीएवढी, अत्तरवाल्याचं नाक वीतभर लांब, बांगडीवालीचा दंड दोन हात. हाखेन हसला. कडेला छत वळतं, त्यामुळे खालून बघणाऱ्याला सगळं आखडलेलं दिसतं. म्हणून चित्र आधीच ताणून काढायचं. "इधर से राक्षस, उधर से आदमी," तो म्हणाला. "मेरा काम नजदीक से नक्को देखो, राव."

मग मी कठड्यावरून, म्हणजे परांचीच्या आडव्या बांबूवरून, वाकून खाली पाहिलं. एक अक्षर दिसेना. दिसत होती ती टकलं. हाखेन शेजारी कागद घेऊन बसला आणि सांगायला लागला. ते बघा तुमचे जोशी, तब्येत बिघडली की टाळू लाल होते. ते रेड्डीसाब, खोटं बोलायचं असलं की कानामागे खाजवतात. चार वर्षांत मी तुम्हा लोकांची तोंडं फारशी पाहिली नाहीत, डोकी मात्र सगळी ओळखतो. बोलता बोलता त्याचा कोळसा कागदावर सरसर चालला होता. "हिलना नक्को, राव. वैसेच झुक को देखो. चूना गिर रा क्या देखो जरा." मी वाकून बघत राहिलो. चुना काही पडत नव्हता. माझं लक्ष खरं तर तेलुगू रॅकसमोर दोघं जण काय कुजबुजताहेत तिकडे होतं. हाखेन काय लिहून घेतोय ते बघायला मी वळलो, तर त्याने कागद गुंडाळून ठेवलेला.

तरीसुद्धा त्या दिवशी मी खाली उतरलो तो जरा निवळूनच. वरून वाचता येत नाही हे तर खरं होतं. पहिल्या रिपोर्टात मी लिहिलं, वर्तन ठीक, व्यसन नाही, अंडी पुष्कळ.

पुढे आठवड्याभराने बिघडलं. मी जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलाशी बसलो होतो. हाखेन आरसा घेऊन फिरत फिरत माझ्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "राव, तुम्हारा कागज अब तक कोरा है. जाते क्या रहते?"

माझा पर्यायाचा फॉर्म खरोखरच कोरा होता. महिनाभर मी तो रोज पेटीतून काढायचो, बघायचो, परत ठेवायचो. नांदेडला भाऊ बोलावत होता, इथे जन्म गेला होता, आणि माझं मला ठरत नव्हतं. हे सुमनला ठाऊक नव्हतं. तिला मी सांगितलं होतं की भरून दिला. आणि या वलंदेजाला ठाऊक! नंतर समजलं की पांढरा कागद वरून सगळ्यात आधी दिसतो, लिहिलेला दिसत नाही. पण तेव्हा कुठली एवढी अक्कल. मला वाटलं, याला सगळं वाचता येतं, हा आपल्याला येडा बनवतोय.

त्याच दिवशी तो इराण्याकडे गेलेला असताना मी त्याच्या सामानात हात घातला. हे लिहिताना आजही शरम वाटते. कोपऱ्यात जाड कागदांच्या गुंडाळ्या होत्या. त्यातली एक उघडली. कागदावर एकही रेघ नव्हती, नुसती सुईने टोचलेली भोकं. शेकडो. भोकांची वळणं, भोकांचे फाटे. मी ती गुंडाळी धोतराच्या सोग्याखाली दडवून टेबलाशी आणली.

आता एक सांगायला हवं. आमच्या दफ्तरातल्या सगळ्या नकाशांवर चालू हद्द सलग रेघेने आणि होऊ घातलेली हद्द ठिपक्यांनी दाखवलेली असे. दीड वर्ष आम्ही दुसरं काही बघितलंच नव्हतं. ठिपके म्हणजे हद्द. जोशी तर इडलीवरची मोहरी बघूनही म्हणायचे, ही बिदरची लाइन. मी तो कागद खिडकीशी नेला, शेजारी नकाशा धरला आणि माझे डोळे विस्फारले. हे मोठं वळण म्हणजे सरळसरळ मांजरा नदी. वरची ही कड म्हणजे पैनगंगा. आणि इथे खाली, जिथे वाद सगळ्यात पेटला होता, तिथे ठिपक्यांची दुहेरी रांग! मी संध्याकाळच्या आत रिपोर्ट लिहिला. "सदरहू इसमाकडे नियोजित सरहद्दीचे टिंबांकित नकाशे असल्याचा बळकट संशय आहे." बळकट हा शब्द खोडून पुन्हा बळकटच लिहिला. पाकीट लाखेने बंद करून स्वतः नेऊन दिलं.

कागद पुरावा म्हणून घरी आणला. सुमन देवापुढे रांगोळी काढत होती. तिने गुंडाळी उलगडून बघितली आणि म्हणाली, "अहो, हा कुणाचा छाप आणलात? केवढा मोठा!"

तिची स्वतःची पद्धत होती ती. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्यायचा, सुईने कमळ टोचायचं, जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवायची. मी काही बोलायच्या आत तिने तो कागद फरशीवर अंथरला, मूठभर रांगोळी पसरली, हलक्या हाताने चोळली आणि कागद उचलला.

फरशीवर ठिपक्यांचं काहीतरी लांबच लांब उमटलं. मांजरा नदी मला अजूनही दिसत होती. सुमन मान वाकडी करून बघत होती.

"माणूस आहे हा," ती म्हणाली. "ही टोपी. हे नाक. अगं बाई, नाक की सोंड! आणि खाली कठडा. कठड्यावरून वाकलाय मेला. कुणाच्या घरात डोकावतोय कोण जाणे, तोंड बघा कसं केलंय."

दुहेरी रांग म्हणजे कठडा.

सकाळी मी दफ्तरात जायच्या आधी वरच्या ऑफिसात गेलो, रिपोर्ट मागे घ्यायला. तिथे आमच्यापेक्षा मोठा गोंधळ. गठ्ठेच्या गठ्ठे बांधून निघालेले, तीन दिशांना. माझं पाकीट दाखल झालं होतं, पुढे गेलं होतं, पण कुणाकडे गेलं हे सांगायला कुणी जागेवर नव्हतं. एका कारकुनाने विचारलं, "तुमची शाखा कुठल्या राज्यात गेली?" मी म्हटलं, अजून ठरायचंय. तो म्हणाला, मग अर्ज घेता येत नाही. पुरता महिना मी त्या जिन्याच्या पायऱ्या झिजवल्या. धनुष्यातून सुटलेला बाण निदान दिसतो तरी.

इकडे हाखेन कागद शोधत होता. चौथी बाजू संपत आली होती, राहिला होता फक्त शेवटचा कोपरा. कोपऱ्यातल्या एका माणसापुरती जागा. सगळ्या गुंडाळ्या त्याने तीनदा उलगडल्या. "एक कागज गया, राव," मला म्हणाला. "चूहा ले गया शायद." मी म्हटलं, दुसरा काढ की. त्याने मान हलवली. "वो आदमी फिर वैसा नईं झुकेगा." असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि तो मला ओळखून आहे की नाही हे मला कळेना. कागद माझ्या घरी ट्रंकेत होता. उद्या गुपचूप नेऊन ठेवू, असं मी रोज ठरवायचो. पण ठेवताना दिसलो तर? मग रिपोर्टही बाहेर येणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते त्या दिवसांत मला पुरतं कळलं.

मग हुकूम आला. परमिट वाढवता येत नाही, पंधरा दिवसांत देश सोडावा. कारण दिलं नव्हतं. बेगमसाहेबांनी माणूस पाठवून अटीची आठवण करून दिली, पण करार सरकारशी होता आणि सरकारचंच तीन ठिकाणी वाटप चाललेलं. रेड्डीसाहेबांनी हुकूम वाचून दाखवला तेव्हा ते कानामागे खाजवत होते. हाखेनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंद्रह दिन में आज का दिन गिने क्या?" आज धरलेला नव्हता. तो लगेच परांचीवर चढला.

पंधरा दिवस तो भूक-तहान विसरून काम करत होता. आभाळ पुरं केलं, कठडा पुरा केला. कोपऱ्यातली एका माणसाची जागा तेवढी पांढरी राहिली. खालून बघितलं की आधी तीच दिसायची.

शेवटच्या सकाळी मी ट्रंकेतून कागद काढला आणि उघड हातात घेऊन दफ्तरात गेलो. परांची सोडायला माणसं आली होती. हाखेनची पेटी दाराशी बांधून ठेवलेली. मी गुंडाळी त्याच्यापुढे धरली. "चूहा मैं था," एवढंच मला म्हणता आलं.

त्याने कागद उलगडला. त्याच्या भोकांत अजून रांगोळी अडकली होती, ती त्याने बोटावर घेऊन बघितली आणि जीभ लावून चाखली. मग जहांगीरमियाँना हाक मारली. म्हातारा कागद घेऊन वर चढला, पांढऱ्या जागेवर तो दाबून धरला आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थापटत गेला. कागद निघाला. वर नुसते काळे ठिपके राहिले. हाखेनने आपला आरसा माझ्या हातात दिला, पोटाशी आडवा धरायला लावला आणि मला चार पावलं मागे नेऊन उभं केलं.

"अब देखो."

सोंड आखडून नाक झाली. पैनगंगेची टोपी झाली, आणि ती माझी टोपी होती. डावीकडे जराशी कललेली. मिशी माझी. कठड्यावर पोट टेकवून, डोळे बारीक करून, खालच्या कुणाच्या तरी कागदांकडे टवकारून बघणारा मी. ज्या तोंडाला मी सरहद्द समजलो आणि ज्याच्यावर मी लाखेची मोहर लावून संशय घेतला, ते माझंच होतं. बावर्ची, दरवान, बांगडीवाली यांच्या पंगतीत त्याने मला बसवलं होतं, आणि ते मीच होऊ दिलं नव्हतं. मला रडू आलं. जोशी बघत होते, रेड्डीसाहेब बघत होते, मला आवरेना.

"रंग भरने का टैम नईं," हाखेन म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढची गोष्ट आधीच सांगून टाकतो. राज्य फुटलं. जोशी औरंगाबादेला गेले, तेलुगू मंडळी इथेच राहिली, तिन्ही रॅक रिकामे झाले. मी फॉर्मवर हैदराबाद लिहिलं. लोकांना मुलांच्या शाळेचं कारण सांगितलं. खरं कारण त्या कोपऱ्यात होतं. कोळशाचे ठिपके रंगाने बांधले नाहीत तर वाऱ्यावर उडून जातात, असं जहांगीरमियाँनी मला सांगितलं होतं. त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर पंखा होता. मी माझं टेबल त्याच्याखाली नेलं आणि तो पंखा कधी लावू दिला नाही. सात उन्हाळे. मे महिन्यात मी घामाने निथळत बसायचो, रुमालाने मानेवर वारा घ्यायचो, आणि नवे आलेले लोक एकमेकांना डोळ्यांनी खुणावायचे. कळंबकर त्या कोपऱ्यातून हलत का नाही? तिथे काय पुरलंय याने? एकाने माझ्याविरुद्ध अर्जही दिला. मी रजेवर असताना कुणीतरी बटण दाबलं. परत आलो तेव्हा टोपी गेली होती, एक डोळा गेला होता. पुढच्या वर्षी चुना मारायला आले तेव्हा पुसायला तिथे फारसं काही उरलंच नव्हतं.

पण मला तो आठवतो तो त्या सकाळचा. फाटकाशी सायकल रिक्षा उभी होती. जहांगीरमियाँनी पेटी पायाशी ठेवली. ऊन होतं म्हणून रिक्षावाल्याने टप वर ओढला, आणि हाखेन आत बसल्या बसल्या मान मागे टाकून त्या टपाकडे बघायला लागला. फाटकं मेणकापड होतं, त्यावर आतून कुणीतरी दोन वाकडी फुलं काढलेली. तो ती लक्ष देऊन बघत होता. माझ्या हातात आरसा राहून गेला होता. तो परत द्यायला मी धावलो, आणि आरसा पुढे करता करता मनातलं एकदाचं बोलून टाकलं. "साहब, वो रिपोर्ट. वो मैंने लिखी थी."

त्याने टपावरची नजर काढली नाही. हाताने फक्त माझा हात मागे सारला.

"रखो, राव," तो म्हणाला. "तुमको नीचे देखने की आदत है. उसमें नीचे देखे तो ऊपर दिखता."

हा टोमणा होता की माफी, हा संशय मला आजही आहे. विचारायला मी तोंड उघडेपर्यंत रिक्षा हलली होती. अफजलगंजच्या वळणापर्यंत ती मला दिसत राहिली. एकदाही त्याने मागे वळून पाहिलं नाही, तो त्या दोन फुलांकडेच बघत होता.